स्वभावाला औषध नाही

"आमचं घर अकरा माणसांचं होतं," मैत्रीण म्हणाली आणि रिक्षा येईपर्यंत पुढे काही बोलली नाही.

आम्ही दोघी एका व्याख्यानमालेतून बाहेर पडलो होतो. विषय होता 'आजची आई'. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत पुन्हा तशी एक बातमी आली होती, थोड्याथोड्या दिवसांनी येते तशी: मुलांना घेऊन विवाहितेची विहिरीत उडी, कारण कौटुंबिक कलह. वक्त्यांनी हळहळ व्यक्त केली. मग त्यांनी एक विधान केलं, जे मी गेल्या काही वर्षांत निरनिराळ्या तोंडून ऐकत आले आहे. आमच्या आज्यांनी आठ-आठ, दहा-दहा बाळंतपणं केली, त्यांना कुठे डिप्रेशन आलं होतं? घर भरलेलं होतं, हाताशी चार बायका होत्या, रडायला खांदा होता. चौकोनी कुटुंब आलं, मोबाइल आला आणि आईचं मन आजारी पडायला लागलं. सभागृहाने मनापासून टाळ्या वाजवल्या. वक्ते सज्जन होते, व्यासंगी होते आणि आईविषयीचा त्यांचा कळवळा खरा होता. म्हणूनच ते विधान मला तसंच सोडून देता येत नाही. दुष्ट माणसाच्या तोंडी ते असतं तर एवढं पसरलं नसतं.

मैत्रिणीचं ते अकरा माणसांचं घर मिरजेपासून तासाभराच्या अंतरावर. आजी-आजोबा, थोरले काका-काकू आणि त्यांची दोन मुलं, लग्न न झालेली आत्या, आई-वडील, ही आणि हिचा धाकटा भाऊ. भाऊ झाला तेव्हा ही सहा वर्षांची. बारशाच्या आधीच आई बदलली. तिची झोप उडाली, ती रात्रभर बोलायला लागली. नव्याकोऱ्या साड्या तिने बोहारणीला देऊन टाकल्या. बाळाला कुणीतरी विष घालणार म्हणून त्याच्या औषधाचा थेंब आधी स्वतःच्या जिभेवर ठेवायची. काही आठवड्यांनी हे सगळं ओसरलं आणि ती माजघरात भिंतीकडे तोंड करून निजली, ती उठेचना. पुढे वर्षानुवर्षं हे असंच येत-जात राहिलं.

घरात पिण्याच्या पाण्याचा तांब्याचा हंडा होता. आईचे दिवस चढते असले की ती तो दिवसातून तीन-तीनदा चिंच-मीठ लावून घासायची. ती निजून असली की हंडा काळपट पडत जायचा, त्यावर पाण्याची पांढरी पुटं चढायची. शाळेतून आलं की ओसरीवरून आधी हंडा दिसायचा, आणि आत जाण्यापूर्वीच हिला कळायचं की आज आई कोणती आहे. चौथीत असताना हिने ठरवलं की हंडा आपणच घासायचा. तो लखलखीत राहिला तर आई उठेल. दोन महिने ती रोज सकाळी शाळेच्या आधी हंडा घासत होती. चिंचेने बोटांची सालं निघाली. काकूंनी ते पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "किती गुणाची पोर आहे बघा!"

आई उठली नाही. हिने त्याचा अर्थ असा लावला, की आपलं घासणं कमी पडतंय.

अकरा माणसांच्या त्या घरात कुणी काही पाहिलं नाही असं मी म्हणणार नाही. सगळ्यांनी सगळं पाहिलं. आजी म्हणायच्या, लहरी आहे. काकू म्हणायच्या, आळशी आहे. वडील म्हणायचे, तापट आहे. आत्या म्हणायची, माहेरी लाडावून ठेवलेली आहे. चार माणसांनी चार विशेषणं दिली आणि चारही स्वभावाची दिली. स्वभावाला औषध नाही, हे तर आपल्याकडे मूल शाळेत जायच्या आधी ऐकतं. एकदा 'स्वभाव' म्हटलं की डॉक्टरकडे नेण्याचा प्रश्न उरत नाही, बरं होण्याची वाट पाहण्याचा तर नाहीच. मग फक्त सोसायचं, टाळायचं किंवा सुनावायचं. त्या घराने तिन्ही केलं, आणि मधल्या काळात दोनदा देवस्थानाला नेऊन आणलं.

मला जे म्हणायचं आहे ते सगळं या एका फरकात आहे: स्वभाव आणि आजार. आपल्याकडे मनाच्या आजारांवर आता पुष्कळ बोललं जातं, पण हा फरक घराघरांत कसा करायचा हे कुणी सांगत नाही. मला एक खूण उपयोगी वाटते. स्वभावाला तारीख नसते, आजाराला असते. "ही अशीच आहे, लहानपणापासून," असं माहेरचे-सासरचे सगळे म्हणत असतील तर तो स्वभाव असू शकतो. "ही अशी नव्हती," असं एकजण जरी म्हणाला तरी तिथे थांबायला हवं. त्या घरातल्या प्रत्येकाला तारीख माहीत होती. "धाकटा झाल्यापासून" हे शब्द रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडी असत. निदानाचा अर्धा भाग त्यांच्या बोलण्यात होता आणि तरी ते त्याला स्वभाव म्हणत होते.

मनोविकारतज्ज्ञ मला इथे अडवतील हे मला माहीत आहे. काही नैराश्यं कोवळ्या वयापासून इतकी सावकाश मुरत येतात की त्यांना तारीख सापडत नाही. काही आजार तर माणसाच्या घडणीतच विणलेले असतात. मान्य. ही खूण दवाखान्यासाठी नाही, माजघरासाठी आहे. माजघरात तिच्याइतकी उपयोगी दुसरी खूण मला सापडलेली नाही.

आता त्या टाळ्यांच्या विधानाकडे वळते. आज्यांना हे होत नव्हतं, हे कशावरून? लुई-व्हिक्टर मार्से या फ्रेंच वैद्याने गरोदर, बाळंतीण आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या मनोविकारांवर १८५८ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मोबाइलच्या आणि चौकोनी कुटुंबाच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आजचं वैद्यक सांगतं, की दर हजार बाळंतिणींमागे एक-दोघींना पहिल्या दोनेक आठवड्यांत तीव्र भ्रमाचा झटका येतो. मैत्रिणीच्या आईला बारशाआधी जे झालं ते याच जातीचं. फ्रान्स कशाला, आपली भाषाच पाहा. बाळंतवात, बाधा, वारं लागणं, बाहेरचं होणं, बाळंतिणीला तिन्हीसांजेला एकटीला सोडू नये. जी गोष्ट नव्हतीच तिच्यासाठी एवढे शब्द आणि एवढे नियम कुणी कशाला केले असते? आज्यांना हे होत होतं. ते त्यांच्या नातवंडांच्या कानांवर आलं नाही, एवढंच.

मग त्या बायका गेल्या कुठे? काहीजणी माहेरी गेल्या आणि तिथेच राहिल्या. काहींच्या घरी सवत आली. मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला कायद्याने बंदी झाली ती १९४६ साली आणि देशभर झाली १९५५ साली. त्याआधी बायको 'डोक्याने बरी नाही' हे दुसरं लग्न करायला पुरेसं, सभ्य कारण होतं. काहींना माडीवरची खोली मिळाली. काहींचा पाणी काढताना पाय घसरला, असं घरच्यांनी सांगितलं. आपण ज्या घराला सामावून घेणारं घर म्हणतो, त्याने अशा सुनेला सामावलं ते बहुतेक वेळा तिची जागा दुसरीला देऊन. मुलं घरात राहिली. त्यांना सांगण्यात आलं की आई देवाघरी गेली, किंवा आई वाईट होती. दोन्हींतलं एकही पुरतं खरं नव्हतं.

मध्य भारत उच्च न्यायालयाचा एक निकाल १९५३ च्या निकालसंग्रहात छापलेला आहे आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो आजही शिकवतात. नणंदेशी भांडण झालं, नणंदेने घरातून निघ म्हटलं, आणि ती बाई तीन मुलांना घेऊन निघाली. मुलं सात, पाच आणि दीड वर्षांची. तिने विहिरीत उडी घेतली. ती वाचली, मुलं गेली. न्यायालयाने खुनाची शिक्षा कायम ठेवली आणि ती फार कठोर आहे म्हणून शासनाने कमी करावी अशी शिफारस केली. ती बाई मनाने आजारी होती असं मी म्हणत नाही. तसा दावाही निकालात नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की आजच्या बातमीतली विहीर जुनीच आहे, आणि त्या घरात नणंद होती.

एकत्र कुटुंबाच्या बाजूने जे खरं आहे ते मला दडवायचं नाही. सव्वा महिन्याची विश्रांती, तेल-शेक-धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आणि रात्री बाळाला घेऊन बसणारी आजी यांत शहाणपण होतं. झोपमोड हे काही मनोविकारांचा झटका आणणारं मोठं कारण आहे हे आज नीट माहीत आहे, आणि आईला झोप मिळावी अशी व्यवस्था आपल्या रीतीने नकळत केली होती. ती मोडायला नको होती. पण ही रीत शरीराने थकलेल्या, मनाने धड असलेल्या बाळंतिणीसाठी होती. मन आजारी पडलं की त्याच रीतीची राखण व्हायची आणि राखणीचा बंदोबस्त.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गरोदर स्त्रियांपासून त्यांनी सुरुवात केली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या ५९ जणींना, म्हणजे तपासलेल्यांपैकी २३ टक्क्यांना, नैराश्याचा आजार आढळला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनंतरही आजारी होत्या. कारणं काय दिसली? गरिबी, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी. मुलगी झाली म्हणून पडलेली तोंडं पाहायला घरात माणसं असावी लागतात. भरलेलं घर हा खांदा असू शकतो, तसाच तो घावही असू शकतो, आणि कुठलं घर काय आहे हे माणसांच्या संख्येवरून ठरत नाही. मैत्रीण म्हणते, "मी एक रात्रसुद्धा उपाशी झोपले नाही." हे त्या घराचं श्रेय आहे आणि ते मोठं आहे. पण जेवू घालणाऱ्या त्या सगळ्यांपैकी एकानेही तिला काय चाललंय ते सांगितलं नाही. तीन माणसं गप्प असतात तेव्हा मुलाला निदान शंका येते. अकरा गप्प असले की मुलाला वाटतं, यात सांगण्यासारखं काही नसणारच, चुकतंय ते आपलंच.

बाकीच्या मतांविषयी थोडक्यात. सगळा मेंदूतल्या रसायनांचा खेळ आहे म्हणणारे मारणाऱ्या नवऱ्याला सूट देतात. सगळं पितृसत्तेचं फळ आहे म्हणणारे गोळीने बरी होऊ शकणाऱ्या बाईला समाजक्रांतीपर्यंत थांबवतात. आजाराचं नाव हा शिक्का आहे, तो नको, असं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारते, की लहरी, आळशी, तापट, लाडावलेली हे चार शिक्के आधीच बसले होते, ते कुणी पुसायचे?

एक गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी, कारण तिथे गफलत झाली तर माझ्या म्हणण्याचा दुरुपयोग होईल. आईच्या आजाराचा मुलावर परिणाम होतो असं म्हणताना आपण आईला आरोपीच्या पिंजऱ्यात तर उभं करत नाही ना? मानसशास्त्राने हे पाप एकदा केलेलं आहे. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी स्किझोफ्रेनिया 'निर्माण करणारी' आई ही कल्पना मांडली. पुढे ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात स्वमग्न मुलांच्या मागे थंड, नाकारणारी आई उभी केली. दोन्ही कल्पना खोट्या ठरल्या, पण तोवर कित्येक आया आपल्याच मुलाच्या आजाराच्या गुन्हेगार म्हणून जगल्या. या विद्वानांची चूक आणि मैत्रिणीच्या काकूंची चूक मला एकाच जातीची वाटते. विद्वानांनीही आईच्या स्वभावात कारण शोधलं. आईला आजार आहे असं ज्या क्षणी आपण म्हणतो, त्या क्षणी तिच्यावरचा ठपका उतरतो. मुलावरचाही तेव्हाच उतरतो. म्हणून हा फरक मला इतका महत्त्वाचा वाटतो.

मूल स्वभावाचं काय करतं ते पाहू. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९७० च्या दशकातला प्रयोग प्रसिद्ध आहे. आई काही महिन्यांच्या बाळाशी खेळते, मग दोन-तीन मिनिटं चेहरा कोरा ठेवते. बाळ आधी हसून बघतं, आवाज काढतं, हात पुढे करतं, आणि काहीच घडत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं. एवढंसं बाळसुद्धा आधी आपल्या बाजूने प्रयत्न करतं. मला त्या प्रयोगातलं फिरवलेलं तोंड जेवढं आठवतं, त्याहून जास्त तो प्रयत्न आठवतो. तांब्याचा हंडा हे त्या पुढे केलेल्या हाताचंच नऊ वर्षांचं रूप आहे. आईचा राग, आईचं मौन हा तिचा स्वभाव असेल, तर तो स्वभाव माझ्याशीच असा का वागतो? मी शहाणी झाले तर? पहिला नंबर आणला तर? मूल कारण शोधतं आणि घरात त्याला दुसरं कारण मिळालं नाही तर ते स्वतःला कारण करतं. आजारी आईपाशी वाढणं कठीण असतंच. पण ज्याला नाव नाही अशा आजारापाशी वाढणं हे वेगळं, निष्कारण लादलेलं दुःख आहे, आणि पहिल्या दुःखावर इलाज नसला तरी या दुसऱ्यावर आहे.

जेरी पिंटो यांची 'एम अँड द बिग हूम' ही कादंबरी २०१२ सालची. माहीमचं लहानसं घर, आई, बाप, मुलगा, मुलगी. अकरा माणसं तिथे नाहीत. आईचा आजार भयंकर आहे, तो बाळंतपणानंतर सुरू झालेला आहे, आणि मुलांच्या वाट्याला काही कमी येत नाही. पण त्या घरात आजाराला आजार म्हणतात. त्यामुळे मुलगा आईवर रागावू शकतो, तिला हसवू शकतो, तिची भीती बाळगू शकतो, आणि आपल्यालाही हे होईल का असं उघड विचारू शकतो. या प्रश्नाचं उत्तरसुद्धा, नाव असेल तरच देता येतं. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात आई किंवा वडील आजारी असतील तर मुलाला तो होण्याची शक्यता शंभरात सुमारे दहा सांगतात. म्हणजे नव्वदांना होत नाही. 'आईवर गेलीस' एवढंच ऐकत वाढलेल्या मुलीपर्यंत ही नव्वदांची गोष्ट कधी पोहोचत नाही.

नाव न देण्यामागे एक कारण मात्र असं आहे, की त्याला मी झटकून टाकू शकत नाही. नाव काढलं तर संसार मोडेल, मूल जाईल, ही भीती. ती खोटी नाही. हिंदू विवाह कायद्याच्या तेराव्या कलमात मनोविकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे आणि स्किझोफ्रेनियाचा तिथे नावानिशी उल्लेख आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्पष्ट केलं की नुसतं आजाराचं नाव पुरेसं नाही, आजार किती तीव्र आहे आणि त्याच्यासह संसार करणं खरोखर अशक्य आहे का ते पाहावं लागेल. पण सासरच्या वकिलाच्या हातात कागद पडतो तेव्हा बाईला निकालातली ही बारीक वाट ठाऊक नसते. म्हणून ती दवाखान्याची पायरी चढत नाही, चढली तर दोन तालुके ओलांडून चढते आणि गोळ्या पिठाच्या डब्यात ठेवते. तिला मी दोष देऊ शकत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा तिच्या बाजूचा आहे, हे तरी तिला कुणी सांगायला हवं. आई मानसोपचारासाठी दाखल असेल तर तीन वर्षांखालील मुलाला सर्वसाधारणपणे तिच्यापासून तोडू नये, असं त्याचं एकविसावं कलम म्हणतं. मुलाला धोका आहे असं डॉक्टरांचं मत असेल तरच तात्पुरतं वेगळं करता येतं, आणि तेव्हाही देखरेखीखाली भेट चालूच राहते. दर पंधरा दिवसांनी फेरविचार करावा लागतो. सलग तीस दिवसांपुढे गेलं तर प्राधिकरणाची मंजुरी लागते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग २००९ पासून आहे. आजारी आई आणि तिचं मूल एकमेकांपासून न तोडता सांभाळता येतात, हे तिथे रोज दिसतं.

पण कायद्यातलं हे कलम तीन वर्षांच्या आतल्या मुलापुरतं आणि दवाखान्यात पोहोचलेल्या आईपुरतं आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सर्वसामान्य मनोविकारांच्या शंभरांतले ८५ रुग्ण उपचारांबाहेर आढळले. चौथीतल्या मुलीसाठी त्या कलमात काहीच नाही. नॉर्वेने २०१० मध्ये कायद्यातच घातलं की मनोविकाराने आजारी माणसावर उपचार करताना त्याला अठराच्या आतली मुलं आहेत का हे विचारायचं आणि त्या मुलांना आवश्यक ती माहिती आणि आधार मिळेल असं पाहायचं. यासाठी इमारत लागत नाही. केसपेपरवर दोन ओळी लागतात: मुलं किती, वयं काय, आणि आई आजारी आहे हे त्यांना कुणी सांगितलं आहे का?

मैत्रीण पंचवीस वर्षांची झाली, पुण्यात नोकरीला लागली आणि आईला घेऊन आली. एकोणीस वर्षं गेली होती. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "हे कधीपासून?" आणि हिने क्षणात तारीख सांगितली. निदान व्हायला दोन भेटी पुरल्या. औषध लागू पडायला मात्र सहा-सात महिने गेले. मधे एकदा ते बदलावं लागलं, आईचे हात थरथरायचे, रक्ताच्या तपासण्या चालू होत्या. सगळं पूर्ववत झालं असं नाही. पण एका संध्याकाळी आई जेवता जेवता थांबली आणि म्हणाली, "तू पाचवी-सहावीत असताना तुझी वेणी कोण घालायचं गं?"

"मीच."

"मला आठवतच नाही," आई म्हणाली.

डॉक्टर चांगले होते, आणि आजही ती त्यांचं नाव आदराने घेते. पण मुलांबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही. धाकटा भाऊ तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. "तुझ्या पायगुणाने आईचं डोकं फिरलं," हे त्याने कळायला लागल्यापासून ऐकलेलं. तो कुणाच्या घरी बारशाला जात नसे, हे बहिणीच्या लक्षात फार उशिरा आलं. दवाखान्याबाहेर चहाच्या टपरीपाशी तिनेच त्याला समजावलं की आजाराचं बी आधीच होतं, बाळंतपण हे निमित्त झालं, त्यात बाळाचा काही संबंध नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे माझ्यामुळे नाही?"

तुमच्या नात्यात, वाड्यात, वर्गात असं एखादं मूल असेल. आईसाठी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. मुलाला समजावून सांगायला मात्र कुठला क्रमांक पुरत नाही, तिथे तुम्हीच लागाल. त्याच्या गुणांचं कौतुक नंतर करा. आधी त्याला बाजूला घ्या आणि सांगा: आई आजारी आहे. तुझ्यामुळे नाही. तू हंडा कितीही घासलास तरी ती त्याने उठणार नाही. ते काम डॉक्टरांचं आहे आणि तिला तिथे न्यायचं काम आम्हा मोठ्यांचं आहे.